भिंत, पहारा आणि दुसरी प्रत



घरातील मौल्यवान वस्तू कोठे ठेवली आहे, हे एके काळी घरातील कर्त्या माणसाला नेमके ठाऊक असे. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये, जमिनीचे कागद पत्र्याच्या पेटीत, पासबुक कपाटाच्या वरच्या खणात. आज बँकेतील शिल्लक, विम्याचा तपशील, सात-बाराचा उतारा, आयकराचे विवरण, रुग्णालयातील तपासण्या आणि मुलांच्या गुणपत्रिका हे सारे कोठे आहे, असे विचारले तर बहुतेक घरांतून 'संगणकात' किंवा 'क्लाउडमध्ये' एवढेच उत्तर येते. क्लाउड म्हणजे ढग. परंतु माहिती ढगात राहत नाही. ती याच जमिनीवर, कोणत्या तरी गावातील कोणत्या तरी इमारतीत, कुलूपबंद लोखंडी रॅकमधील यंत्रांत नोंदलेली असते. त्या यंत्रांना सर्व्हर म्हणतात आणि ज्या इमारतीत असे हजारो सर्व्हर अहोरात्र चालू ठेवले जातात, तिला डेटा सेंटर म्हणतात. बँका, रुग्णालये, कारखाने, सरकारी खाती आणि लहानमोठे व्यापारी हे तिचे ग्राहक. कोणी स्वतःची यंत्रे तेथे आणून ठेवतो, कोणी तेथील यंत्रे भाड्याने घेतो.

या इमारतींची एक परीक्षा फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात १० मार्च २०२१ रोजी झाली. मध्यरात्र उलटल्यावर ओव्हीएच या युरोपातील मोठ्या कंपनीच्या परिसरात आग लागली. पाच मजल्यांचे एक डेटा सेंटर पूर्ण भस्मसात झाले, शेजारच्या दुसऱ्याचा काही भाग जळाला आणि परिसरातील उरलेली केंद्रेही बंद करावी लागली. नेटक्राफ्ट या संस्थेच्या मोजणीनुसार सुमारे ३६ लाख संकेतस्थळे बंद पडली. सुदैवाने एकाही माणसाला इजा झाली नाही. मात्र त्यानंतर ग्राहकांचे दोन वर्ग पडले. ज्यांच्या माहितीची दुसरी प्रत अन्य शहरात होती, ते काही तासांत वा दिवसांत पुन्हा उभे राहिले. ज्यांची एकच प्रत होती, किंवा दुसरी प्रतही त्याच परिसरात होती, त्यांची माहिती कायमची गेली. इमारत तीच, भाडे तेच, आगही तीच. फरक पडला तो ग्राहकाने आधी केलेल्या विचाराने.

आजच्या विषयाचे सार या प्रसंगात आहे. सर्व्हर सुरक्षित ठेवणे आणि माहिती सुरक्षित ठेवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. यंत्राला वीज, थंडावा आणि पहारा देण्याचे काम पैसे मोजून दुसऱ्यावर सोपवता येते. माहिती टिकवण्याची अंतिम जबाबदारी मात्र कोणत्याही करारपत्राने दुसऱ्याच्या खांद्यावर टाकता येत नाही. हे समजून घेण्यासाठी प्रथम डेटा सेंटर काय काय करते, हे पाहणे आवश्यक आहे.

वीज, हवा आणि आग

सर्व्हरचा पहिला शत्रू चोर नव्हे, तर खंडित होणारी वीज होय. क्षणभर वीज गेली तरी चालू व्यवहार अर्धवट राहतात. म्हणून चांगल्या डेटा सेंटरमध्ये वीजपुरवठ्याचे एकापाठोपाठ एक थर असतात. बाहेरून येणारी वीज शक्य तेथे दोन स्वतंत्र मार्गांनी आणली जाते. ती गेली तर त्याच क्षणी बॅटऱ्यांवर चालणारी यूपीएस यंत्रणा भार उचलते. बॅटऱ्यांना काही मिनिटेच तग धरायचा असतो, कारण तेवढ्या अवधीत डिझेल जनरेटर सुरू होऊन स्थिरावतात. प्रत्येक सर्व्हरलाही सहसा दोन बाजूंनी स्वतंत्र वीज दिलेली असते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगरातील वीज गेली, उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या, तेव्हा अशा व्यवस्थेचे मोल नव्याने कळले.

डेटा सेंटरची प्रतवारी करण्यासाठी अमेरिकेतील अपटाइम इन्स्टिट्यूट या संस्थेने पहिली ते चौथी अशा चार 'टियर' श्रेणी ठरवल्या आहेत. तिसऱ्या श्रेणीत कोणताही एक भाग दुरुस्तीसाठी बंद केला तरी सर्व्हर चालू राहिले पाहिजेत. चौथ्या श्रेणीत एखादा भाग अचानक निकामी झाला तरी काम थांबता कामा नये. जाहिरातींत उपलब्धतेचे मोठमोठे टक्केही झळकतात. त्यांचा अर्थ साध्या गुणाकाराने कळतो. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाकाठी सुमारे पावणेनऊ तास बंद, ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे, ९९.९९९ टक्के म्हणजे जेमतेम सव्वापाच मिनिटे. दशांशचिन्हानंतरच्या एकेका नवासाठी जे पैसे मोजावे लागतात, ते या फरकाचे असतात. मात्र हे टक्के यंत्र चालू राहण्याचे आहेत. माहिती नष्ट होणार नाही, अशी हमी त्यांत नसते.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. सर्व्हर जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. हजारो यंत्रे एका छताखाली चालली की शीतयंत्रणा थोड्या वेळासाठी जरी बंद पडली, तरी खोली भट्टीसारखी तापू लागते. म्हणून यंत्रांत शिरणाऱ्या हवेचे तापमान १८ ते २७ अंश सेल्सियस असावे, अशी या क्षेत्रातील मान्य शिफारस आहे. थंड हवेची आणि तापलेल्या हवेची वाट निरनिराळी ठेवणे, ही त्यातील मुख्य युक्ती.

तिसरा शत्रू अग्नी. येथे पाण्याचा मारा करणे म्हणजे आगीतून वाचलेले पाण्याने घालवणे. म्हणून धूर डोळ्यांना दिसण्यापूर्वी त्याचा माग काढणाऱ्या, हवा सतत ओढून तपासणाऱ्या नळ्या बसवतात आणि आग विझवण्यासाठी अनेक ठिकाणी नायट्रोजन वा आर्गॉन यांसारखे वायू वापरतात. परंतु हा उपायही किती जपून करावा लागतो, याचे उदाहरण रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे सप्टेंबर २०१६ मध्ये मिळाले. आयएनजी या बँकेच्या डेटा सेंटरमध्ये अग्निशमनाची रंगीत तालीम चालू होती. आग नव्हतीच. दाबाखालील वायू सुटताना जो प्रचंड आवाज झाला, त्याच्या कंपनांनी हार्ड डिस्क निकामी झाल्या आणि बँकेचे व्यवहार सुमारे १० तास विस्कळीत राहिले. रक्षणाचे साधनच घातक ठरले.

चौथा विचार जागेचा. ऑक्टोबर २०१२ मध्ये सॅण्डी वादळाने समुद्राचे पाणी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आणले. तेथील एका इमारतीत जनरेटर वरच्या मजल्यावर सुरक्षित होता. पण त्याला डिझेल पुरवणारा पंप तळघरात होता आणि तळघर बुडाले. तेथील डेटा सेंटरचे कर्मचारी आणि ग्राहक कंपन्यांतील माणसे यांनी डिझेलच्या बादल्या हातोहात १७ मजले चढवून सर्व्हर चालू ठेवले. त्या माणसांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण जो पंप दोन मजले वर बसवता आला असता, त्याची ती किंमत होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस अनुभवलेल्या मुंबईकरांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबल मुंबईच्या किनाऱ्यावर वर्सोव्याला पोहोचतात. वित्तीय संस्थाही येथेच असल्यामुळे ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात डेटा सेंटरची दाटी झाली आहे. तेव्हा 'आपली माहिती कोणत्या मजल्यावर आहे आणि तिचा जनरेटर, पंप व बॅटऱ्या कोठे आहेत' हा प्रश्न येथील ग्राहकाने विचारणे मुळीच गैर नाही.

उंबरठ्यावरचा पहारा

आता माणसांपासूनच्या रक्षणाकडे वळू. चांगल्या डेटा सेंटरवर नावाची पाटीही पुष्कळदा ठळक नसते. आत जाण्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते, कारण सांगावे लागते, ओळखपत्र दाखवावे लागते. त्यानंतर एकामागे एक असे दोन दरवाजे येतात. पहिला बंद झाल्याशिवाय दुसरा उघडत नाही, त्यामुळे एकाच्या पाठोपाठ दुसरा गुपचूप शिरू शकत नाही. पुढे बोटाचा ठसा वा डोळ्याची तपासणी, प्रत्येक ग्राहकाच्या यंत्रांभोवती जाळीचा पिंजरा, रॅकला स्वतंत्र कुलूप आणि सर्वांवर कॅमेऱ्यांची नजर. कोण, केव्हा, कोणत्या रॅकपाशी गेला, याची नोंद ठेवली जाते.

तथापि पहाऱ्याचा खरा कस बाहेरच्या चोरापेक्षा आतल्या माणसाच्या बाबतीत लागतो. शिवकालीन गडांच्या व्यवस्थेत हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी वेगवेगळे असत. पहारा एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. एकटा माणूस फितूर झाला तरी गड शत्रूच्या हाती जाऊ नये, ही त्यामागील दृष्टी होती. डेटा सेंटरमधील उत्तम व्यवस्था याच तत्त्वावर चालते. ज्याच्याकडे दाराची किल्ली, त्याच्याकडे पासवर्ड नसतो. जो माहिती हाताळतो, त्याला नोंदवही पुसता येत नाही. मोठा बदल करायचा तर दोघांची संमती लागते.

फितुरी नसली तरी चूक असतेच. २७ मे २०१७ रोजी हीथ्रो विमानतळाजवळील एका डेटा सेंटरमध्ये वीजपुरवठा तोडला गेला आणि तो पुन्हा जोडताना योग्य क्रम पाळला गेला नाही; अचानक आलेल्या विजेच्या दाबाने यंत्रे बिघडली. ब्रिटिश एअरवेजचे सुमारे ७५ हजार प्रवासी ऐन सुटीच्या दिवसांत अडकून पडले. तेथे वादळ आले नव्हते, की चोर शिरला नव्हता.

या पहाऱ्यातील एक दुवा बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतो. तो म्हणजे जुन्या यंत्रांची विल्हेवाट. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकन वित्तसंस्थेने २०१६ मध्ये आपली दोन डेटा सेंटर बंद केली. यंत्रे हलवण्याचे काम माहिती नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या वाहतूकदाराकडे गेले आणि ग्राहकांची माहिती न पुसलेली काही यंत्रे पुढे लिलावात विकली गेली. त्याबद्दल या संस्थेला २०२० मध्ये ६ कोटी डॉलर आणि २०२२ मध्ये आणखी ३.५ कोटी डॉलर दंड झाला. यंत्र चालू असताना दारात पाच पहारेकरी आणि निवृत्त होताच ते भंगाराच्या गाडीत, हा विसंवाद होय. म्हणून नियमाने चालणाऱ्या केंद्रात जुन्या डिस्कचे तुकडे केले जातात किंवा माहिती कायमची पुसून तिचे प्रमाणपत्र ग्राहकाला दिले जाते. घरातील जुना संगणक वा मोबाइल विकणाऱ्यानेही हा धडा लक्षात ठेवावा.

न दिसणारी वाट

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आधार प्रकरणाची सुनावणी चालू असताना तत्कालीन महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी सांगितले, की आधारची माहिती १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतींच्या आड सुरक्षित आहे. या विधानाची तेव्हा चर्चा झाली, काहींनी थट्टाही केली. थट्टा करण्याचे कारण नाही, कारण भिंत आवश्यकच आहे. पण ती पुरेशी नाही, कारण सर्व्हरचा उपयोगच मुळी भिंतीपलीकडील लोकांना माहिती देण्यासाठी असतो. ज्या तारेतून ग्राहक आत येतो, त्याच तारेतून चोरही येऊ शकतो.

पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी झालेला हल्ला महाराष्ट्र विसरलेला नाही. एकही दरोडेखोर बँकेच्या दारात आला नाही. एटीएम व्यवहारांना मान्यता देणाऱ्या यंत्रणेत दुष्ट सॉफ्टवेअर शिरवून २८ देशांतील एटीएममधून आणि परदेशी हस्तांतरणाद्वारे एकूण सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. ठेवीदारांच्या खात्यांतील रक्कम गेली नसली, तरी एका जुन्या, प्रतिष्ठित सहकारी संस्थेला बसलेला तो फार मोठा धक्का होता.

दुसरे उदाहरण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे, म्हणजेच एम्सचे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील पाच सर्व्हरमधील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. माहिती चोरून न नेता ती जागच्या जागी अशा गूढ लिपीत बदलायची, की मालकालाही वाचता येऊ नये, असा हा प्रकार असतो. त्याला रॅन्समवेअर म्हणजे खंडणीखोर सॉफ्टवेअर म्हणतात. अनेक दिवस नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, देयके हे सारे कागदावर करावे लागले. लांबून आलेल्या रुग्णांच्या रांगा वाढल्या. अखेर रुग्णालयाच्या मुख्य प्रणालीची माहिती परत मिळाली, ती हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे, असे सरकारने संसदेत सांगितले. तो एक सर्व्हर वाचला नसता, तर काय झाले असते?

त्याचे उत्तर डेन्मार्कने दिले आहे. क्लाउडनॉर्डिक ही कंपनी ग्राहकांची संकेतस्थळे आणि माहिती सांभाळत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये ती आपले सर्व्हर एका डेटा सेंटरमधून दुसऱ्यात हलवत होती. त्यांतील काही यंत्रांत आधीच संसर्ग झालेला होता आणि स्थलांतराच्या वेळी ती यंत्रे अंतर्गत व्यवस्थापनाच्या जाळ्याला जोडली गेली. हल्लेखोर तेथून मुख्य सर्व्हरपर्यंत आणि सर्व बॅकअपपर्यंतही पोहोचले. कंपनीने खंडणी दिली नाही. मात्र बहुसंख्य ग्राहकांची सर्व माहिती गेल्याचे तिला जाहीर करावे लागले. येथे दुसरी प्रत नव्हती असे नाही. प्रती होत्या, पण त्या सर्वांची वाट एकाच दारातून जात होती.

या हल्ल्यांपासून रक्षणासाठी येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारी फायरवॉल, एका ग्राहकाचे जाळे दुसऱ्यापासून अलग ठेवणे, सॉफ्टवेअरमधील उघड झालेल्या त्रुटी तातडीने बुजवणे, केवळ पासवर्डवर विसंबून न राहता दुसरी ओळख मागणे आणि माहिती गूढ लिपीत साठवणे हे उपाय केले जातात. त्याशिवाय एक अनोखा उपाय म्हणजे विश्वासू तज्ज्ञांनाच आपल्या यंत्रणेवर हल्ला करायला सांगणे. रायगडावरील हिरकणीची आख्यायिका प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने ती माउली ज्या कड्यावरून उतरली, ती वाट कोणाच्याच हिशेबात नव्हती. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्याच ठिकाणी बुरूज बांधला. जी वाट एका आईला सापडली, ती उद्या शत्रूलाही सापडेल, हे ओळखणे यात खरी दूरदृष्टी आहे. आपल्या यंत्रणेतील पळवाट दाखवणाऱ्याला रागे भरणारी संस्था आणि तेथे बुरूज बांधणारी संस्था, यांत हाच फरक असतो.

दुसरी प्रत

येथवर पाहिलेल्या प्रत्येक प्रसंगात माहिती वाचली की बुडाली, याचा निकाल अखेर एकाच गोष्टीवर लागला; ती म्हणजे वेगळ्या ठिकाणी असलेली, वेगळ्या किल्लीने बंद केलेली आणि वेळोवेळी तपासलेली दुसरी प्रत.

दक्षिण कोरिया हा संगणकक्षेत्रातील अग्रेसर देश. त्या देशाच्या दैजॉन शहरातील सरकारी डेटा सेंटरमध्ये २६ सप्टेंबर २०२५ रोजी लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. सरकारच्या ७०९ सेवायंत्रणा बंद पडल्या. त्यांतील बऱ्याच हळूहळू सावरल्या. परंतु शासकीय कर्मचाऱ्यांची कामाची कागदपत्रे ज्या साठवणयंत्रणेत होती, तिची प्रत अन्यत्र नव्हती. ती आकाराने फार मोठी, म्हणून तिचा बॅकअप घेतलेला नव्हता. सुमारे ८५८ टेराबाइट माहिती जळाली. श्रीमंती, तंत्रज्ञान, शिस्त हे सारे असूनही दुसरी प्रत नसेल, तर काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

'वेगळ्या किल्लीने' हा शब्दही तितकाच महत्त्वाचा. कोड स्पेसेस ही कंपनी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे काम सांभाळून ठेवत असे. जून २०१४ मध्ये तिच्या क्लाउड खात्याच्या नियंत्रणफलकाचा ताबा हल्लेखोराने घेतला. बॅकअपही त्याच खात्यातून पुसता येत होते. त्याने ते पुसले. कंपनी कायमची बंद झाली. डेटा सेंटरच्या भिंतीला साधा तडाही गेला नव्हता.

या क्षेत्रात तीन-दोन-एक असा एक सोपा नियम सांगितला जातो. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी दूर, दुसऱ्या जागी असावी. खंडणीखोरांच्या काळात त्याला आणखी एक जोड देणे शहाणपणाचे ठरते. एक प्रत अशी असावी, की जी जाळ्याशी जोडलेलीच नाही किंवा ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही, अगदी मालकालाही, बदलता वा पुसता येत नाही.

आणि शेवटचा शब्द 'तपासलेली'. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले. दोन केंद्रांना जोडणाऱ्या तारा एका नव्हे, तर दोन दूरसंचार कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या. तरीही रस्त्यावरील खोदकाम आणि बांधकामामुळे दोन्हींत अडथळा आला आणि पुढे साठवणयंत्रणेतही बिघाड झाला. व्यवहार पुन्हा सुरू होण्यास दुपारचे पावणेचार वाजले. पर्यायी केंद्र अस्तित्वात होते, परंतु त्या दिवशी कामकाज तेथे नेले गेले नाही. पुढे याबाबतचे नियम अधिक कडक झाले आणि २ मार्च व १८ मे २०२४ या दोन शनिवारी, सुटीच्या दिवशी, बाजाराने खरेखुरे व्यवहार मुख्य केंद्रावरून पर्यायी केंद्रावर हलवण्याची तालीम केली. कागदावरील पर्याय आणि तालमीत घासलेला पर्याय, यांतील अंतर अशाच परिश्रमाने मिटते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा उद्योग येथे उपयोगाचा नाही.

किल्ली कोणाच्या हाती?

माहितीच्या रक्षणाला राष्ट्रीय बाजूही आहे. भारतीयांच्या आर्थिक व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी काढला. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने सायबर हल्ल्याची सूचना सहा तासांत देणे आणि यंत्रणेतील नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने अंमलात आणायचे आहेत. विशेष म्हणजे या कायद्यानुसार मुख्य जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेची आहे. 'आम्ही काम दुसऱ्या कंपनीला दिले होते' हा बचाव तिला पुरणार नाही.

माहिती देशात असली तरी किल्ली कोठे आहे, हा प्रश्न उरतोच. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीवर निर्बंध घातले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या काही सेवा थांबवल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर काही दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. निर्बंध योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. पण परदेशात झालेल्या निर्णयाने भारतातील कंपनीची कपाटे बंद होऊ शकतात, हे त्यातून दिसले.

उलट बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. युक्रेनच्या कायद्यानुसार सरकारी माहिती देशातील सर्व्हरवरच ठेवावी लागे. रशियाच्या आक्रमणापूर्वी एक आठवडा आधी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, तेथील संसदेने तो नियम शिथिल केला आणि माहिती देशाबाहेर हलवण्यास वाट मोकळी झाली. युद्धाच्या सुरुवातीच्या काळातच त्या देशाच्या सरकारी डेटा सेंटरवर क्षेपणास्त्र डागले गेले. २००७ मध्ये सायबर हल्ले सोसलेल्या एस्टोनिया या चिमुकल्या देशाने तर २०१७ मध्ये लक्झेंबर्गशी करार करून तेथे 'डेटा दूतावास' स्थापला. जागा लक्झेंबर्गची, पण आतील माहितीवर अधिकार आणि संरक्षण एस्टोनियाचे.

भारत मात्र आकाराने विशाल आहे. येथे माहिती देशाबाहेर न पाठवताही एकमेकांपासून हजार-दीड हजार किलोमीटर दूर, वेगवेगळ्या भूकंपक्षेत्रांत आणि वेगवेगळ्या हवामानात ठेवता येते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची डेटा सेंटर दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत, ती याच विचाराला धरून. स्वदेशात ठेवणे आणि एकाच ठिकाणी ठेवणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

प्रश्न विचारण्याचे कर्तव्य

सामान्य माणसाने या साऱ्यात काय करायचे, असा प्रश्न साहजिक आहे. डेटा सेंटर बांधणे त्याच्या हाती नाही, पण प्रश्न विचारणे निश्चितच आहे. समाजात काम करणारे अनेक जण सहकारी बँकांच्या व पतपेढ्यांच्या संचालक मंडळांवर असतात, शाळा आणि रुग्णालयांचे विश्वस्त असतात, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी असतात. पुष्कळदा संगणकाचा विषय निघाला की मंडळी 'ते काम एजन्सीकडे दिले आहे' असे म्हणून पुढच्या विषयाकडे वळतात. त्या ठिकाणी थांबून पाच प्रश्न विचारावेत. आपली माहिती नेमकी कोणत्या शहरात आहे? तिची दुसरी प्रत कोठे आहे आणि ती पहिलीपासून किती दूर आहे? पहिली पुसू शकणारा माणूस दुसरीही पुसू शकतो का? दुसऱ्या प्रतीवरून सर्व काम पुन्हा उभे करून पाहण्याची तालीम शेवटची कधी झाली? आणि करार संपला किंवा यंत्र जुने झाले, तर आपली माहिती पुसल्याचा पुरावा कोण देणार?

या प्रश्नांची उत्तरे समजण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. किंबहुना ती साध्या मराठीत देता येत नसतील, तर काम नीट झालेले नाही, असे खुशाल समजावे. घरातही हाच नियम. लग्नाची छायाचित्रे, आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज, घराची कागदपत्रे, मुलीचा प्रबंध हे सारे एकाच मोबाइलमध्ये किंवा एकाच क्लाउड खात्यात असेल, तर एका चोरीने वा एका विसरलेल्या पासवर्डने ते जाऊ शकते. एक प्रत बाह्य हार्ड डिस्कवर, दुसरी नातलगाच्या घरी आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईबरोबर, ती उघडून पाहणे, एवढे प्रत्येक कुटुंबाला जमण्यासारखे आहे.

पतपेढीच्या ठेवीदाराने आपली आयुष्यभराची पुंजी संचालकांच्या भरवशावर ठेवलेली असते. रुग्णाने आपल्या आजाराचा इतिहास डॉक्टरांच्या स्वाधीन केलेला असतो. ही माहिती म्हणजे यंत्रातील आकडे नसून दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. भिंत बांधणारे भिंत बांधतील, पहारेकरी पहारा देतील. परंतु आपल्याकडे सोपवलेल्या ठेवीची दुसरी प्रत सुखरूप आहे की नाही, हे पाहण्याचे काम ज्याच्याकडे ती सोपवली, त्याचेच आहे. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत एवढा एक विषय समाविष्ट झाला, तरी पुष्कळ काही साधेल.